परदेशातली छायाचित्र-प्रदर्शने : वाचकांचे प्रश्न

परदेशातल्या छायाचित्र महोत्सवांना आणि मेळ्यांना जाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रे व्हिसा आणि खर्चापासून सुरू होतात. त्याआधी ठरवायची गोष्ट मात्र वेगळी आहे : आपण जाणार कशासाठी? कॅमेरे-लेन्स हाताळायला, चांगली छायाचित्रे डोळे भरून पाहायला, की आपले काम कोणाला तरी दाखवायला? कोलोन, आर्ल्स, पॅरिस, योकोहामा ही नावे एका दमात घेतली जातात, पण या तीन गोष्टी एकाच ठिकाणी आणि एकाच आठवड्यात क्वचितच साधतात. तारीख, व्हिसाची कागदपत्रे, बॅगेतले सामान हे सगळे या एका उत्तरावर ठरते.

मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. जर्मनीतल्या फोटोकिनाला एकदा तरी जायचे आहे. पुढचा कधी आहे? तिथे कॅमेरा स्वस्त मिळतो का? (नाशिक)

फोटोकिना आता भरत नाही. १९५० साली कोलोनमध्ये सुरू झालेला हा मेळा शेवटचा भरला तो २०१८ मध्ये. २०२०चा रद्द झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आयोजकांनी तो बंद केल्याचे जाहीर केले. त्याच्या नावाने कोणी सहल विकत असेल तर पैसे भरू नका.

निव्वळ कॅमेरे आणि लेन्स पाहायच्या असतील तर आजचे ठिकाण म्हणजे जपानमधला सीपी प्लस हा कॅमेऱ्यांचा मेळा. तो फेब्रुवारीच्या अखेरीस योकोहामाच्या पॅसिफिको योकोहामा या प्रदर्शन केंद्रात चार दिवस असतो. प्रवेशासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करून ठेवावी. टोकियोच्या शिबुया स्थानकातून थेट मिनातोमिराईपर्यंत गाडी जाते आणि तिथून केंद्र पायी पाच-सात मिनिटांवर आहे. शनिवार-रविवारी नव्या लेन्ससमोर लांब रांगा लागतात, म्हणून गुरुवार-शुक्रवार गाठा. आपला कॅमेरा सोबत ठेवा. लेन्स आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पाहिली की तिचे वजन, पकड आणि फोकसचा वेग यांचा खरा अंदाज येतो. चाचणीचे फोटो आपल्या कार्डावर घेऊ देतातच असे नाही, तेव्हा आधी विचारा.

हा मेळा दाखवण्यासाठी असतो, विक्रीसाठी नव्हे. खरेदी शहरातल्या दुकानांतून होते. तिथे दोन गोष्टी लोक विसरतात. जपानी बाजारासाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांचा, विशेषतः सोनीच्या, मेनू फक्त जपानीत असतो आणि तो नंतर बदलता येत नाही. शिवाय तिथली वॉरंटी भारतात सहसा चालत नाही. किमतीतला फरक, भारतात लागू शकणारे सीमाशुल्क आणि वॉरंटीचे नुकसान यांचा एकत्र हिशेब मांडला तर नवा कॅमेरा तिथून आणणे बहुतेकदा परवडत नाही. वापरलेल्या जुन्या लेन्स हा वेगळा विषय आहे. त्यांचा टोकियोतला बाजार मोठा आहे आणि दुकानदार लेन्सची अवस्था प्रामाणिकपणे लिहून ठेवतात.

तुमच्या धंद्याला लागणारे अल्बम, प्रिंटर, दिवे हे सगळे मुंबई-दिल्लीतल्या व्यापारी मेळ्यांतही हाताळायला मिळते. तेवढ्यासाठी विमानाचे तिकीट काढू नका.

आर्ल्सच्या महोत्सवाला जायचे आहे. उद्घाटनाच्या आठवड्यात जावे की नंतर? राहायचे कुठे? (कोल्हापूर)

दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्स या छोट्या गावी १९७० पासून हा महोत्सव भरतो. छायाचित्रकार ल्युसियाँ क्लेर्ग, लेखक मिशेल तुर्निए आणि वस्तुसंग्रहालयाचे ज्याँ-मोरिस रुकेत यांनी तो सुरू केला. प्रदर्शने जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबर उलटेपर्यंत खुली असतात. जुनी चर्चे, मठाचे आवार, रेल्वेच्या जुन्या कार्यशाळा अशा जागांत छायाचित्रे लावलेली असतात. दगडी चर्चच्या मंद उजेडात टांगलेले चित्र आणि पांढऱ्या गॅलरीत टांगलेले चित्र यांत केवढा फरक पडतो, हे पाहण्यासाठी तरी आर्ल्सला जावे.

उद्घाटनाचा आठवडा भेटीगाठींचा असतो. जगभरचे क्युरेटर (प्रदर्शनांची निवड आणि मांडणी करणारे), संपादक, प्रकाशक त्या सात दिवसांत गावात असतात. पोर्टफोलिओ परीक्षण, म्हणजे पैसे भरून या जाणकारांना समोरासमोर आपले काम दाखवणे, आणि उघड्या रोमन नाट्यगृहातले रात्रीचे पडद्यावरचे कार्यक्रमही तेव्हाच होतात. त्यानंतर ही मंडळी निघून जातात, प्रदर्शने मात्र तशीच राहतात. फक्त पाहायला जाणाऱ्याने सप्टेंबर निवडावा. खोल्या मिळतात, दर उतरतात, ऊन निवळते आणि एका चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहिले तरी मागून कोणी ढकलत नाही. जुलैत पारा ३५ अंशांवर जाणे नेहमीचे आहे आणि चालणे भरपूर होते. सगळी प्रदर्शने नीट पाहायला तीन पूर्ण दिवस धरा. ल्युमा हे वास्तुविशारद फ्रँक गेरीच्या मनोऱ्याचे कलासंकुल रेल्वे कार्यशाळांच्या आवारात आहे, त्याला अर्धा दिवस वेगळा ठेवा.

राहण्याच्या बाबतीत नकाशा पाहून अनेकजण फसतात. आर्ल्समध्ये खोली मिळाली नाही की जवळचे मोठे गाव म्हणून अॅव्हिन्यों निवडतात. पण जुलैत तिथे मोठा नाट्यमहोत्सव असतो, त्यामुळे तिथल्या खोल्याही भरलेल्या आणि महागलेल्या असतात. नीम हा चांगला पर्याय आहे, गाडीने साधारण अर्ध्या तासाचे अंतर. अडचण रात्रीची असते. जुलैत सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो आणि पडद्यावरचे कार्यक्रम त्यानंतर, दहाच्या सुमारास सुरू होतात. तोवर परतीची शेवटची गाडी गेलेली असते. रात्रीचे कार्यक्रम पाहायचे असतील तर किमान दोन रात्री आर्ल्समध्येच काढा, मग खोली लहान असली तरी चालेल.

पॅरिसहून गार द लियों स्थानकातून टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी निघते. थेट आर्ल्सची गाडी मोजकीच असते, बहुतेकांना अॅव्हिन्योंला बदलावे लागते. अॅव्हिन्योंला दोन स्थानके आहेत : टीजीव्हीचे गावाबाहेर आणि जुने गावात. दोन्हींमध्ये पाच-सहा मिनिटांची जोडगाडी आहे, पण तिकिटावर नेमके कोणते नाव आहे ते न पाहिल्यास पुढची गाडी हमखास चुकते. बदलायला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ ठेवू नका. पॅरिसला उतरल्याच्या दिवशीच पुढची गाडी घेणार असाल तर विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत किमान चार तास हवेत. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे जास्त वेळ लागतो, आणि स्वस्तातले टीजीव्ही तिकीट गाडी चुकल्यावर वाया जाते.

मी स्वतंत्र छायाचित्रकार आहे. नोकरी नाही म्हणून शेंगेन व्हिसा नाकारतील अशी भीती वाटते. काय काय जोडावे? (पुणे)

शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. नोकरी नसणे हे त्याच्या नकाराचे कारण नसते. उत्पन्न कुठून येते आणि तुम्ही परत का येणार, हे कागदावर दिसले नाही तर नकार येतो. नोकरदार रजेचे पत्र जोडतो, तुम्ही त्याऐवजी धंद्याचा पुरावा जोडायचा : उद्यम किंवा जीएसटी नोंदणी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, चालू आणि बचत खात्याची सहा महिन्यांची उतारापत्रे, अलीकडची बिले. सर्वांत उपयोगी पडणारा कागद लोक जोडतच नाहीत, तो म्हणजे परतल्यानंतरच्या तारखांची कामे. जुलैत जाणार असाल आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नांच्या बुकिंगचे करार आणि आगाऊ रकमेच्या पावत्या हातात असतील तर त्या जोडा. हा माणूस परत येणार, हे त्याहून स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

आता क्रम. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. नियमाने निर्णयाला १५ दिवस लागतात, पण जास्त चौकशी निघाल्यास ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. जुलैच्या प्रवासासाठी भेटीची वेळ फेब्रुवारी-मार्चमध्येच घेऊन ठेवा. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी सहलींची गर्दी होऊन वेळा मिळेनाशा होतात. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे पहिले पाऊल टाकणार त्याच्याकडे. चार दिवस आर्ल्स आणि सहा दिवस इटली असा बेत असेल तर अर्ज इटलीकडे जातो, महोत्सव फ्रान्समध्ये असला तरी.

प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, युरोप सोडल्यानंतर आणखी तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि जाण्या-येण्याच्या दोन्ही दिवसांसह. विमान मध्यरात्रीनंतर सुटते आणि विम्याची तारीख एक दिवस पुढची पडते, ही चूक वारंवार होते. फ्रान्ससाठी हॉटेलचे आरक्षण दाखवत असाल तर माणशी दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२० युरो इतकी खर्चाची सोय दिसावी लागते. खात्यात अर्जाच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम जमा केलेली दिसली की शंका घेतली जाते. रक्कम खरोखर आलेली असेल तर तिचा कागद सोबत लावा.

सोबतचे पत्र एका पानाचे असावे. कोणत्या तारखेला कुठे, कोणता महोत्सव, पास घेतल्याची पावती, परतीची तारीख, खर्च कोण करणार, बस. उद्देश खरा लिहा. परीक्षणासाठी नोंदणी झाली असेल तर तिची पावती लावा, ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. मात्र तिथे कोणी पैसे देऊन कार्यशाळा घ्यायला किंवा छायाचित्रण करायला बोलावले असेल तर ते काम ठरते. त्याचे नियम वेगळे आहेत आणि आमंत्रण देणाऱ्या संस्थेकडून तसे पत्र आधी मागवावे लागते.

तिकीट काढताना लंडनमार्गे स्वस्त दिसले तरी थांबा. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या विमानतळावर फक्त विमान बदलायलाही साधारणपणे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो, शेंगेनचा तिथे चालत नाही. आखातातून किंवा थेट जाणे सोपे. आणि पहिला व्हिसा नियमाप्रमाणे वापरून परत या. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी अशी सोय आहे की मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरलेले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. दरवर्षी महोत्सवांना जाणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो.

पोर्टफोलिओ परीक्षणाला नाव नोंदवायचे आहे. किती छायाचित्रे, कोणत्या आकाराची न्यावी? टॅबवर दाखवले तर चालेल का? (पणजी)

टॅब जवळ असू द्या, पण पिशवीत. मुख्य काम कागदावरच दाखवा. पडद्यावर परीक्षक बोटाने भराभर पुढे जातो. कागद हातात आला की तो थांबतो, मागचे चित्र पुन्हा काढतो, दोन चित्रे शेजारी ठेवून पाहतो. त्याच वेळी खरे बोलणे सुरू होते.

एका भेटीला साधारण २० मिनिटे मिळतात. तेवढ्यात एक मालिका पूर्ण आणि दुसरीची ओळख एवढेच होते. पहिल्या मालिकेची १५ ते २० चित्रे आणि दुसरीची ६ ते ८ पुरतात. चाळीस नेली तर परीक्षकाला दुबळी चित्रेच आधी दिसतात आणि संभाषण त्यांच्यावरच अडकते. आकार आठ बाय दहा इंच किंवा ए४, ज्या कामात बारीक तपशील महत्त्वाचा आहे त्याला ए३. वजनाचा हिशेब करा : ३०८ जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाच्या) कागदाची ए३ प्रत सुमारे ३८ ग्रॅम भरते, वीस प्रतींचे पाऊण किलो होतात आणि पेटीचे वजन वेगळे. ए४ घेतले तर निम्मे. टेबले छोटी असतात. ए३ची वीस चित्रे तिथे मांडून दाखवताच येत नाहीत, आणि क्रम दाखवण्यासाठी मांडणी तर लागतेच.

सुती मॅट कागद दिसायला देखणा असतो, पण त्याच्या गडद काळ्या भागावर नख किंवा दुसऱ्या प्रतीची कड घासली की पांढुरका ओरखडा उठतो. दहा जणांच्या हातांतून जाणाऱ्या प्रतींसाठी किंचित चमक असलेला साटन कागद टिकाऊ ठरतो. मॅटच हवा असेल तर दोन प्रतींमध्ये पातळ, गुळगुळीत ग्लासिन कागद घाला आणि भेटीच्या पाच मिनिटे आधी सगळे काढून ठेवा. टेबलावर बसल्यावर ते काढत बसण्यात दोन मिनिटे जातात. हातमोजे देऊ नका, परीक्षक अवघडतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, न दाबता, फक्त क्रमांक लिहा, म्हणजे विस्कटलेला गठ्ठा पुढच्या भेटीआधी झटकन लावता येतो. प्रती एकमेकींना चिकटवू नका, वहीत बांधू नका.

गोवा-कोकणातल्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. उद्घाटनाचा आठवडा जुलैत, म्हणजे आपल्याकडच्या भर पावसात. जूनच्या दमट हवेत छापलेला कागद ओलावा पितो आणि आर्ल्सच्या प्रोव्हान्स प्रांतातल्या कोरड्या उन्हात पोचला की कडांनी वळतो. प्रती एप्रिल-मेमध्येच छापून घ्या, किमान २४ तास सुट्या वाळू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत बंद करून सपाट ठेवा. रंग तपासताना खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात तपासा. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली बरी दिसणारी प्रत तिथे निळसर आणि थंड दिसते.

परीक्षक निवडताना मोठ्या नावामागे जाऊ नका. प्रकाशकाला पुस्तकाचा मसुदा दाखवायचा, संपादकाला बातमीकथा, संग्रहालयाच्या क्युरेटरला दीर्घ काम. पुस्तके न छापणाऱ्याला मसुदा दाखवण्यात पैसे आणि वीस मिनिटे दोन्ही जातात. सुरुवातीला दोन मिनिटांत सांगा : काम कशाविषयी, किती पूर्ण, तुम्हाला काय विचारायचे आहे. मग गप्प बसा आणि त्याला पाहू द्या. ‘कसे वाटले?’ हा प्रश्न फुकट जातो. ‘या मालिकेतून कोणती चार काढाल?’ किंवा ‘हा शेवट पटतो का?’ असे विचारले की नेमके उत्तर मिळते. सोबत इंग्रजीत दीडशे शब्दांच्या आतले निवेदन असावे. त्यात ठिकाण, काळ आणि माणसे असावीत, मोठमोठी विशेषणे नकोत. भेटीनंतर लगेच, दारातच, त्यांचे बोलणे वहीत उतरवा. तिसऱ्या भेटीनंतर कोण काय म्हणाले ते आठवत नाही. आठ-दहा दिवसांनी एक छोटे पत्र आणि पाच एमबीच्या आतली एक पीडीएफ पाठवा. उत्तर आले नाही तर महिन्याने एकदाच आठवण करा.

आणि अगदी तुमच्या गावातली गोष्ट : पणजीत दर डिसेंबरला कलामहोत्सव भरवणाऱ्या सेरेंडिपिटी आर्ट्स फाउंडेशनने २०२० मध्ये आर्ल्स महोत्सवाच्या साथीने एक शिष्यवृत्ती सुरू केली. पुढची अर्जाची मुदत कधी ते फाउंडेशनच्या घोषणांवर पाहत राहा. तयार मालिका असेल तर परीक्षणाचे पैसे भरण्याआधी तिथे अर्ज करणे योग्य.

नोव्हेंबरात पॅरिसला जाणार आहे. पॅरिस फोटोमध्ये गॅलरीवाल्यांना माझे काम दाखवता येईल का? (ठाणे)

दाखवू नका. पॅरिस फोटो हा १९९७ पासूनचा छायाचित्रांच्या विक्रीचा बाजार आहे आणि २०२४ पासून तो दुरुस्त झालेल्या ग्राँ पालेमध्ये परतला आहे. गॅलऱ्या तिथे जागेचे मोठे भाडे भरून चार दिवसांत विक्री करायला आलेल्या असतात. त्यांच्यासमोर पेटी उघडणे म्हणजे त्यांच्या ग्राहकाच्या आड उभे राहणे. ते नम्रपणे कार्ड घेतील आणि विसरून जातील.

तिथे करायचे ते असे : कोणती गॅलरी तुमच्या प्रकारचे काम मांडते ते पाहा, नावे टिपा, प्रती कोणत्या आकाराच्या, किती प्रतींच्या आवृत्तीच्या, चौकट कशी, हे जवळून पाहा. किंमत विचारायला लाजू नका, बाजारात तो साधा प्रश्न आहे. महिन्याभराने त्या गॅलरीला, त्यांच्या भिंतीवर काय पाहिले ते लिहून, पत्र पाठवा. पुस्तकांच्या विभागात मात्र बोलणे सोपे असते. छायाचित्रकार सह्या करायला बसलेले असतात आणि छोटे प्रकाशक मोकळेपणी बोलतात. त्याच आठवड्यात सेन नदीतल्या बोटीवर पॉलिकॉपीज हा पुस्तकांचा मेळा भरतो. मसुदा दाखवायचा असेल तर तिथले वातावरण जास्त अनुकूल. एक दिवस मारे भागातल्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ फाउंडेशनला आणि मेझाँ युरोपेएन द ला फोटोग्राफीला द्या. छायाचित्रांची ही दोन्ही दालने एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. साप्ताहिक सुट्टी पाहून जा.

बुधवार निमंत्रितांचा असतो. तिकीट गुरुवारचे किंवा शुक्रवारचे काढा, शनिवारी चित्रांऐवजी पाठी दिसतात.

कॅमेरा, तीन लेन्स आणि फिल्मचे रोळ नेणार आहे. परतताना विमानतळावर ड्यूटी मागतील का? (डोंबिवली)

आपलेच सामान परत आणताना ड्यूटी लागत नाही, पण ते आपलेच आहे हे दाखवावे लागते. जाताना विमानतळावरच्या सीमाशुल्क खिडकीतून ‘एक्स्पोर्ट सर्टिफिकेट’ घ्या. त्यावर बॉडी आणि प्रत्येक लेन्सचा अनुक्रमांक लिहून देतात. सामान प्रत्यक्ष पाहून देतात, म्हणून ते हातातल्या बॅगेत असावे आणि तासभर जादा ठेवावा. अनुक्रमांकांची यादी आणि बिलांच्या प्रती घरूनच छापून न्या. सगळे जुने आणि वापरलेले असेल तरीही महाग बॉडी असणाऱ्याने हा कागद घ्यावा.

सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, चेक-इन बॅगेत कधीच नाही. टोकांवर पट्टी किंवा टोपण हवे. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी १६ वॉट-तासांच्या आसपास असते, म्हणजे चिंता नाही. पॉवर बँकेचा हिशेब असा : २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास. आकडा पॉवर बँकेवर छापलेला आणि वाचता येणारा हवा, पुसला असेल तर ती काढून घेतात. काही कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत.

फिल्मचा धोका वाढला आहे. जुन्या क्ष-किरण यंत्रातून ४०० आयएसओची फिल्म एक-दोनदा गेली तर फरक दिसत नसे. अनेक विमानतळांवर आता सीटी स्कॅनर आहेत आणि त्यातून एकदा गेली तरी फिल्मवर धुके किंवा पट्टे येऊ शकतात. शिशाची पिशवी उपयोगी नाही, आत काही दिसले नाही की ती उघडायलाच लावतात. रोळ डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नाही म्हणाले तर वाद घालून उपयोग नसतो. म्हणून खात्रीचा मार्ग हा : फिल्म तिथेच विकत घ्या आणि परतण्याआधी तिथेच धुऊन घ्या. चेक-इन बॅगेत फिल्म टाकणे सर्वांत वाईट.

एका परदेशी महोत्सवात माझी बारा छायाचित्रे निवडली आहेत. मोठ्या प्रती इथून न्याव्यात का? (छत्रपती संभाजीनगर)

शक्यतो नेऊ नका, तिथेच छापून घ्या. तुम्ही १६ बिटच्या टिफ फाइली, रंगाच्या प्रोफाइलसह, आधी पाठवा आणि स्वतः पसंत केलेली प्रत्येक चित्राची ए४ प्रत सोबत द्या. पडदा प्रत्येकाचा वेगळा असतो, छापणाऱ्याला जुळवायला कागदच हवा. करारात तीन गोष्टी लिहून घ्या : छपाईचा खर्च कोणाचा, प्रदर्शनानंतर प्रतींचे काय, आणि त्या नष्ट करणार असतील तर त्याचा छायाचित्रासह पुरावा. मर्यादित आवृत्ती विकणाऱ्याच्या नावाच्या जादा प्रती जगात फिरत राहणे बरे नाही.

इथूनच न्यायच्या असतील तर फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून एटीए कार्ने, म्हणजे माल शुल्क न भरता तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्याचा दस्तऐवज, काढता येतो. त्याची मुदत एक वर्ष असते. यादीत प्रत्येक वस्तूचे वर्णन, वजन, किंमत द्यावी लागते आणि चार ठिकाणी शिक्के घ्यावे लागतात : भारत सोडताना, तिथे शिरताना, तिथून निघताना, भारतात परतताना. एक शिक्का राहिला तर वस्तू तिथेच विकली असे धरून शुल्काची मागणी येते. विकायच्या प्रती कार्नेवर नेऊ नका, तो परत आणायच्या मालासाठी असतो.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का? (सांगली)

पॅरिसमध्ये नाही. गार द्यु नॉरच्या मागच्या ला शापेल भागात तमिळ खानावळी आहेत, मारेमध्ये फलाफेल मिळते. आर्ल्समध्ये ‘सलाड’ मागवले तरी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा टूना असू शकतो, म्हणून ‘साँ व्हियांद, साँ प्वासाँ’ असे दोन्ही सांगा. जपानमध्ये भाजीच्या सूपातही माशाचा अर्क असतो. तिथे योकोहामा-टोकियोतली भारतीय उपाहारगृहे आधी शोधून ठेवा.

पुस्तके खूप घ्यायची आहेत. कर परत मिळतो का? (मुंबई)

फ्रान्समध्ये एका दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदी असेल तर कर परत मागण्याचा अर्ज मिळतो, तोही दुकान त्या योजनेत असेल तर. पण पुस्तकांवरचा व्हॅट ५.५ टक्केच आहे आणि त्यातून मध्यस्थाचे कमिशन कापले जाते, म्हणजे वेळ घालवण्याइतके हाती लागत नाही. कॅमेऱ्यासाठी मात्र मागा, त्यावर व्हॅट २० टक्के असतो. बॅग चेक-इन करण्याआधी विमानतळावरच्या यंत्रावर कागद स्कॅन करावा लागतो. युरोपातच विमान बदलणार असाल तर ही नोंद युरोपीय संघ सोडताना शेवटच्या विमानतळावर करायची. लंडनमध्ये अशी सोय २०२१ पासून नाही. खरी मर्यादा वजनाची. छायाचित्रांचे पुस्तक सरासरी एक ते दीड किलोचे असते, पंधरा घेतली की २३ किलोंची बॅग भरली.

युरोप परवडत नाही. जवळपास काही आहे का? (नागपूर)

आहे, आणि पहिल्या खेपेला आम्ही तेच सुचवू. शारजात २०१६ पासून एक्स्पोजर हा मोठा महोत्सव भरतो. अलीकडे तो जानेवारी-फेब्रुवारीत असतो, प्रदर्शनांना नोंदणी करून मोफत प्रवेश मिळतो, कार्यशाळांचे शुल्क वेगळे. मुंबईहून शारजाला थेट विमाने आहेत. दुबईत नातेवाईक असले तरी त्या दिवसांपुरते शारजातच राहा, संध्याकाळी दोन्ही शहरांमधल्या वाहतुकीत दीड-दोन तास सहज जातात. अमिरातीत सरकारी आणि लष्करी इमारतींचे, तसेच परवानगीशिवाय लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे, फोटो काढू नका. ड्रोन घरीच ठेवा.

नेपाळमधला फोटो काठमांडू २०१५ पासूनचा. पाटणच्या गल्ल्यांत, चौकांत, घरांच्या भिंतींवर चित्रे लावतात. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. प्रौढांचे फक्त आधार कार्ड चालत नाही. तो दरवर्षी होत नाही, तारखा जाहीर झाल्यावरच तिकीट काढा. कंबोडियातल्या सिएम रीपचा अंकोर महोत्सव २००५ पासून आशियाई तरुण छायाचित्रकारांसाठी कार्यशाळा घेत आला आहे, त्यासाठी निवड व्हावी लागते.

युरोपातच जायचे आणि कमी खर्चात, तर पेर्पिन्याँ पाहा. तिथे १९८९ पासून वृत्तछायाचित्रणाचा ‘व्हिसा पूर लिमाज’ महोत्सव भरतो, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्यापर्यंत. प्रदर्शनांना तिकीट नसते. पहिला आठवडा व्यावसायिकांचा. तो टाळून दुसऱ्या आठवड्यात गेलात तर खोल्या स्वस्त पडतात, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत रेल्वेने आर्ल्सही उरकता येते, कारण सप्टेंबरात तिथली प्रदर्शने अजून खुली असतात. एका विमान तिकिटात आणि एकाच व्हिसावर दोन्ही महोत्सव होतात. अर्ज फ्रान्सकडेच करायचा, आणि दोन्ही गावांची आरक्षणे त्याला जोडायची.